ना मालक, ना बंदूक : अकोटच्या डोंगरातली रानकुत्र्यांची टोळी शिकार करते तरी कशी?

शिकारी कुत्रे म्हटलं की आपल्याला मुधोळ किंवा कारवान आठवतो. लांब पाय, आत गेलेलं पोट, वाऱ्यासारखी धाव. आणि त्या कुत्र्यामागे नेहमी एक माणूस असतो. कुठे सोडायचं, कधी थांबवायचं, कधी परत बोलवायचं, हे तोच ठरवतो.

पण अकोटच्या उत्तरेला, पोपटखेड आणि शहानूरच्या पलीकडे सातपुड्याचं जे जंगल सुरू होतं, तिथे अशी एक टोळी आहे जिच्यामागे कुणीच माणूस नाही. हाकाही तीच घालते, नाकाबंदीही तीच करते आणि पांगली की शीळ घालून एकमेकांना बोलावतेही तीच. ही आहे रानकुत्र्यांची टोळी. मराठीत याच प्राण्याला कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात आणि इंग्रजीत ढोल.

आधी बघू, माणसाला 'चांगला शिकारी' कशामुळे म्हणायचे?

ब्रिटिश काळात उटी आणि पुण्यासारख्या ठिकाणी इंग्रज अधिकारी कुत्र्यांची मोठी पथकं पाळायचे आणि घोड्यावर बसून कोल्ह्यांच्या मागे लागायचे. त्या पथकाचं सगळं यश एका माणसावर अवलंबून असे. त्याच्याकडून पाच गोष्टींची अपेक्षा असायची.

१. सावज कुठे असेल याचा अंदाज घेणं.
२. कुत्र्यांना योग्य जागेवरून सोडणं.
३. पाठलागात पांगलेल्या कुत्र्यांना पुन्हा एकत्र आणणं.
४. शिकार झाल्यावर आपसात भांडणं होऊ न देणं.
५. नव्या पिल्लांना जुन्यांच्या जोडीने तयार करणं.

गंमत म्हणजे रानकुत्र्यांच्या टोळीत ही पाचही कामं होतात. फक्त ती एका मालकाकडे नसून सगळ्यांमध्ये वाटलेली असतात.

रानकुत्रा म्हणजे रानात राहणारा गावकुत्रा नव्हे

नावात कुत्रा असला तरी हा आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचा सख्खा भाऊ नाही. शास्त्रीय नाव क्युऑन अल्पायनस. त्याच्या प्रजातीगटात आज दुसरा कुणीही जिवंत नाही. घरच्या कुत्र्याला ४२ दात असतात, याला ४०. मादीला स्तनही कुत्रीपेक्षा जास्त असतात, कारण एका वेतात पिल्लं भरपूर होतात.

अंगाचा रंग विटकरी, शेपटी झुपकेदार आणि टोकाकडे काळी, कान गोलसर. वजन साधारण १० ते २० किलो. म्हणजे गावातल्या मध्यम कुत्र्याएवढंच. आणि हा प्राणी स्वतःच्या दहापट वजनाच्या सांबराला खाली पाडतो. एकट्याने अर्थातच नाही. टोळी साधारण ५ ते १२ जणांची असते, कधी त्याहून मोठीही.

सावज कोण शोधतं? हाका कोण घालतं?

रानकुत्र्यांचा भारतातला पहिला सखोल अभ्यास ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते १९७८ या काळात कर्नाटकातल्या बांदीपूरच्या जंगलात केला. टोळीच्या शिकारीच्या दोन मुख्य पद्धती त्यांना दिसल्या.

पहिल्या पद्धतीत टोळी झुडपांमधून आडवी पसरून पुढे सरकते. ज्याच्यासमोर सावज उठेल तो धाव घेतो आणि बाकीचे त्याच्याकडे वळतात. म्हणजे पहिली धाव कुणी घ्यायची हे ठरलेलं नसतं. ज्याला संधी मिळाली, तो त्या क्षणापुरता म्होरक्या.

दुसरी पद्धत तर आपल्या ओळखीची आहे. जुन्या शिकारीत गावकरी डबे वाजवत, ओरडत जंगलातून जनावर उठवायचे आणि बंदूकवाला पुढे मचाणावर दबा धरून बसायचा. यालाच हाका म्हणत. रानकुत्रे नेमकं हेच करतात. काही जण झुडपात शिरतात आणि काही झुडपाच्या कडेला उभे राहतात. आतून पळालेलं हरण थेट बाहेरच्यांच्या तोंडी येतं.

उंच गवतात सावज दिसत नसेल तर रानकुत्रा उडी मारून गवतावरून नजर टाकतो. बहुतेक शिकार पहाटे आणि संध्याकाळी, उजेडात होते. मैलोनमैल पाठलाग करून सावजाला थकवणं ही त्यांची ख्याती असली, तरी बांदीपूरमध्ये बहुतेक पाठलाग अर्ध्या किलोमीटरच्या आतच संपत होते. जागा नीट निवडली की फार धावावं लागत नाही, हे प्रत्येक जाणता शिकारी सांगेल.

मेळघाटात त्यांच्यासाठी सांबर, चितळ, भेकर आणि रानडुक्कर आहेत. मोठ्या जनावराला एक जण नाकाला धरतो आणि बाकीचे मागून व बाजूने लचके तोडतात. वाघासारखा नरडीचा घोट घ्यायला त्यांचा जबडा तेवढा मोठा नाही. त्यामुळे सावज मरण्याआधीच खाणं सुरू होतं. बघायला हे दृश्य फार क्रूर वाटतं आणि रानकुत्र्यांच्या बदनामीचं ते एक मोठं कारण आहे. पण मोठ्या शिंगांचं जनावर अंगावर उलटण्याआधी त्याला संपवायचं, तर त्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही.

पांगलेल्यांना परत कोण बोलावतं?

इंग्रजांचा शिकारी त्यासाठी कर्णा वाजवायचा. रानकुत्रे शीळ घालतात. गावकुत्र्यासारखं ते सतत भुंकत नाहीत. दाट जंगलात पाठलाग करताना टोळी विखुरली की बारीक, लांब जाणाऱ्या शिळेवर ती पुन्हा जमते. इंग्रजीत त्यांना 'शीळ घालणारे शिकारी' असंही म्हटलं जातं ते यामुळेच.

वाटण्या कोण करतं?

टोळीची खरी परीक्षा शिकार पडल्यावर होते. गावात एका भाकरीवरून चार कुत्र्यांत काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रानकुत्र्यांत अन्नावरून रक्तपात जवळजवळ होत नाही. स्पर्धा असते, पण ती कोण किती भरभर खातो याची. दोन-तीन रानकुत्रे ५० किलोचं हरीण दोन मिनिटांच्या आत लोळवू शकतात आणि त्यानंतर खाण्याचा वेगही तसाच असतो. कारण वाघ किंवा बिबट्या कधीही येऊन हिसकावू शकतो.

आणि एवढ्या घाईतही एक रीत पाळली जाते. पिल्लं शिकारीपाशी पोहोचली की मोठे बाजूला होतात. पंगतीत पहिला मान लहानांचा.

पिल्लं कोण वाढवतं?

सगळे. टोळीत बहुतेक वेळा एकच मादी विते. गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा, आणि आपल्याकडे पिल्लं हिवाळ्याच्या सुमारास जन्मतात. कपारीत किंवा जुन्या बिळात घर केलं जातं. बाकीचे शिकारीला जातात, पोटभर खातात आणि परत येऊन पिल्लांसमोर आणि आईसमोर मांस ओकतात. कधी एखादा मोठा रानकुत्रा शिकार सोडून बिळाशी राखणीला थांबतो. त्याचंही पोट असंच भरतं. सात-आठ महिन्यांची झाली की पिल्लं शिकारीला सोबत निघतात आणि बघत बघत शिकतात.

म्हणूनच टोळीचा कस तिच्यात किती दांडगे आहेत यावर ठरत नाही. पाठलाग करणारे, आडवे जाणारे आणि घर राखणारे, असे तिन्ही पुरेसे हवेत. टोळी लहान झाली की एकाच वेळी शिकार आणि राखण दोन्ही जमत नाही, आणि मग आधी मरतात ती पिल्लं.

वाघालाही आंधळा करतात म्हणे, खरं का?

ग्रामीण महाराष्ट्रात ऐकू येणारी एक गोष्ट अशी : कोळसुंदे झुडपांवर लघवी करतात, ती डोळ्यांत गेली की सावज आंधळं होतं, म्हणून वाघसुद्धा त्यांना भितो. याला कसलाही पुरावा नाही. लघवी आणि विष्ठा ही त्यांची हद्द आखण्याची आणि एकमेकांना निरोप देण्याची पद्धत आहे. वाघाबद्दल बोलायचं तर एकट्या रानकुत्र्याला वाघ सहज मारतो. मोठ्या टोळीने वाघाला जेरीस आणल्याच्या जुन्या हकिकती आहेत, पण तो नियम नाही. बहुतेक वेळा दोघं एकमेकांना टाळतात.

माणसाचं काय? रानकुत्र्यांनी माणसावर हल्ला केल्याच्या खात्रीच्या नोंदी जवळजवळ नाहीत.

मग एवढी बदनामी कशी झाली?

रुडयार्ड किपलिंगने 'रेड डॉग' या मोगलीच्या कथेत दख्खनहून येणाऱ्या रानकुत्र्यांचा झुंडीने येणारं संकट म्हणून वापर केला. ही कथा १८९५ च्या 'सेकंड जंगल बुक'मध्ये आहे. पण कथेपेक्षा जास्त नुकसान बंदुकीने केलं. साहेब शिकाऱ्यांच्या दृष्टीने रानकुत्रा म्हणजे 'आपली' हरणं पळवणारा चोर. त्याला मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. एका शिकाऱ्याने दुसऱ्या शिकाऱ्याला गुन्हेगार ठरवलं, एवढाच त्याचा अर्थ.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे थांबलं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानकुत्रा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. पण तोवर बराच उशीर झाला होता. आययूसीएनच्या यादीत तो 'संकटग्रस्त' आहे. त्यांच्या २०१५ च्या अंदाजानुसार जगभरात पिल्लं देऊ शकतील असे प्रौढ रानकुत्रे फक्त ९४९ ते २२१५ आहेत.

अकोटच्या जंगलाचं महत्त्व

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याची दक्षिण बाजू, म्हणजे नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अभयारण्यं, अकोट वन्यजीव विभागाकडे येते. या जंगलातून काही गावं अकोट आणि तेल्हारा तालुक्यांच्या सपाटीवर येऊन वसली. कोहा, कुंड, बोरी अशा जुन्या गावठाणांच्या जागी आता कुरणं आहेत. गवत आलं की हरणं येतात आणि हरणं आली की त्यांच्यामागे टोळी.

पण जंगल संपतं तिथे लगेच वावर सुरू होतं, आणि खरा धोका याच कडेवर आहे. तो बंदुकीचा नाही, तर गावच्या कुत्र्याचा आहे.

डिस्टेंपर, पार्वो आणि रेबीज हे आजार गावकुत्र्याकडून रानकुत्र्याला होऊ शकतात. गुराख्यामागे जंगलात गेलेला किंवा मेलेल्या जनावरावर ताव मारून आलेला एक आजारी कुत्रा पुरेसा असतो. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यामागे डिस्टेंपरचा विषाणूही सापडला होता.

रानकुत्र्यांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे. एकाच शिकारीवर तोंड घालणं, ओकून भरवणं, एकाच जागी विष्ठा करणं, अंगाला अंग लावून झोपणं, यावरच त्यांची एकी उभी आहे. पण विषाणूलाही नेमकं हेच हवं असतं. ज्या सवयींनी टोळी चांगली होते, त्याच सवयींनी ती संपूही शकते.

दुसरा धोका तारांचा. रानडुकरांसाठी वावराच्या कडेला सोडलेली वीज किंवा लावलेले फासे समोर कोण आहे हे बघत नाहीत. तिसरा धोका विषाचा. बकरी गेली म्हणून उरलेल्या मढ्यावर विष टाकलं, तर सगळी टोळी एकाच जेवणात मरते, कारण ती जेवतेच एकत्र.

जंगलाजवळ राहणाऱ्यांनी काय करावं?

• घरच्या आणि गुराख्याच्या कुत्र्याला रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या. रेबीजची लस तुमच्या पोरांनाही वाचवते.
• कुत्र्याला सोबत घेऊन जंगलात जाऊ नका. कुत्रे सोडून ससा, हरीण पकडणं ही कायद्याने शिकारच आहे.
• रानकुत्र्यांनी जनावर मारलं तर मढं हलवू नका. ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. राज्य सरकारच्या नुकसानभरपाईच्या यादीत रानकुत्राही आहे.
• जखमी वन्यप्राणी दिसला किंवा तारांचा, फाशांचा सुगावा लागला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनवर फोन करा.
• नरनाळ्याच्या सफारीत टोळी दिसली तर गाडी थांबवा, पण बिळाजवळ जाऊ नका आणि बिळाचं ठिकाण फोटोसोबत टाकू नका. गर्दी झाली की आई पिल्लांना उचलून दुसरीकडे नेते, आणि अशा हलवाहलवीत पिल्लं दगावतात.

कोळसुंद्याच्या टोळीला माणसाने काही शिकवावं असं फारसं उरलेलं नाही. माग काढणं, हाका घालणं, वाटून खाणं आणि लहानांना आधी जेवू घालणं तिला येतं. फक्त आपल्या कुत्र्याच्या आजारापासून स्वतःला वाचवणं तिला येत नाही. ते काम आपल्याकडे आहे आणि त्याची सुरुवात शहानूर-पोपटखेडच्या अंगणात, एका लसीपासून होते.