‘प्लॅटिनमसारखं’: एका विशेषणाची पन्नास वर्षं

‘प्लॅटिनमला स्वस्त पर्याय सापडला’ अशी बातमी तुमच्या फीडवर अधूनमधून येत असेल. हायड्रोजनच्या गाडीचा फोटो, खाली ‘आता क्रांती होणार’ वगैरे. आपण लाइक करतो आणि पुढे जातो. आजचा एपिसोड या बातमीच्या इतिहासाबद्दल आहे. तिची एक गाजलेली आवृत्ती १९७३ साली छापून आली होती. पन्नास वर्षं उलटली तरी प्लॅटिनम आपल्या जागेवर आहे. मग ती बातमी खोटी होती का? नाही. खरी होती. गोंधळ तिच्यातल्या एका विशेषणाने केला.

आधी प्लॅटिनमचं एवढं कौतुक का, ते बघू.

उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, हा रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः संपत नाही. चांगला कॅटॅलिस्ट चांगल्या यजमानासारखा असतो. पाहुण्याला दारातूनच परत पाठवत नाही, आणि मुक्कामाला ठेवूनही घेत नाही. चहा होईपर्यंत बसवतो आणि वेळेवर निरोप देतो. हायड्रोजनच्या बाबतीत प्लॅटिनम हे काम अगदी नेमकं करतं. म्हणून फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम, पाण्यातून हायड्रोजन काढायलाही प्लॅटिनम.

अडचण पुरवठ्याची आहे. जगभरच्या खाणींतून वर्षाला दोनशे टनांपेक्षाही कमी प्लॅटिनम निघतं, आणि त्यातलं बहुतेक एकट्या दक्षिण आफ्रिकेतून. मॉलिब्डेनम मात्र वर्षाला अडीच-तीन लाख टन निघतं, त्यातलं बरंचसं तांब्याच्या खाणीत जोडउत्पादन म्हणून. ते मुख्यतः पोलाद मजबूत करायला वापरतात. आपल्या गोष्टीचा नायक हाच धातू, कार्बनशी जोडी जमवलेला: मॉलिब्डेनम कार्बाइड.

शिसं समजलेला धातू

मॉलिब्डेनमचं नावच गैरसमजातून आलंय. ग्रीक भाषेत ‘मॉलिब्डॉस’ म्हणजे शिसं. याचं खनिज काळं, मऊ, बोटाला लागणारं, त्यामुळे लोक ते शिसं किंवा ग्राफाइट समजायचे. १७७८ साली स्वीडनच्या कार्ल शीले यांनी दाखवलं की हे काहीतरी तिसरंच आहे. १७८१ मध्ये पीटर याकोब येल्म यांनी त्यातून धातू वेगळा केला.

पुढे १८९०च्या दशकात पॅरिसमध्ये ऑंरी म्वासाँ यांनी विजेची भट्टी तयार केली. त्यांना कृत्रिम हिरे बनवायचे होते. त्या प्रचंड तापमानात त्यांनी एकामागून एक धातू कार्बनसोबत तापवले आणि कार्बाइडांची रांगच लावली. मॉलिब्डेनम कार्बाइड त्यातलंच एक. १९०६ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या भट्टीचाही वाटा होता. पण ही कार्बाइडं कशासाठी ओळखली गेली? कडकपणासाठी. ती कापायच्या आणि घासायच्या हत्यारांच्या धंद्यात गेली.

दरम्यान मॉलिब्डेनम दुसऱ्या दाराने इंधनाच्या जगात शिरलं होतं. १९२०च्या दशकात जर्मनीत आय. जी. फार्बेन ही कंपनी कोळशावर हायड्रोजनचा मारा करून पेट्रोल बनवायच्या मागे होती. कोळशात गंधक असतं, आणि गंधकाने बहुतेक कॅटॅलिस्ट मरतात. माथियास पियर यांच्या गटाला आढळलं की मॉलिब्डेनम आणि टंगस्टन यांची संयुगं गंधकात टिकतात. १९२७ मध्ये लॉयना इथे कारखाना सुरू झाला. आजही रिफायनरीत डिझेलमधलं गंधक काढायला कोबाल्ट-मॉलिब्डेनमचे कॅटॅलिस्ट वापरतात. भारतात एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या बीएस-सहा डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे फक्त १० भाग चालतात. त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. पण ते मॉलिब्डेनम सल्फाइड. कार्बाइडची पाळी अजून यायची होती.

तीन पानांचा लेख

आता कॅलिफोर्निया. स्टॅनफर्ड विद्यापीठात मिशेल बूदार नावाचे प्राध्यापक होते, मूळचे बेल्जियमचे. निओपेंटेन नावाच्या एका हायड्रोकार्बनवर त्यांचं काम चाललं होतं. त्या रेणूचा आकार बदलून आयसोपेंटेन करायचं. रेणू तोडणारे धातू बरेच होते. न तोडता आकार बदलणं मात्र फार थोड्यांना जमायचं: प्लॅटिनम, इरिडियम आणि सोनं. सगळीच महाग मंडळी.

रिकार्डो लेव्ही या विद्यार्थ्यासोबत बूदार यांनी टंगस्टन कार्बाइड तपासलं, आणि त्यालाही ते जमलं! साध्या टंगस्टनला जे येत नाही, ते कार्बन मिसळल्यावर आलं. ऑगस्ट १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा लेख आला. शीर्षकातच शब्द होता: ‘प्लॅटिनमसारखं वर्तन’.

असं का होत असावं? हिशोब कच्चा आहे, पण लक्षात राहणारा आहे. टंगस्टनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ६, कार्बनचे ४, बेरीज १०. प्लॅटिनमचेही १०. मॉलिब्डेनम आवर्तसारणीत टंगस्टनच्या बरोबर वरच्या घरात बसतं, त्याचेही ६. म्हणजे तेही उमेदवार. खरं चित्र या बेरजेपेक्षा गुंतागुंतीचं आहे हे पुढे कळलं, पण शोधाला दिशा मिळाली. आणि वेळ बघा: दोनच महिन्यांत, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं. इंधनावरच्या संशोधनाकडे सगळ्यांचं लक्ष वळलं.

पृष्ठभाग आणि एक उलटा धडा

पहिली अडचण उघड होती. भट्टीत बनलेल्या कार्बाइडचे कण जाड. कॅटॅलिस्टचं सगळं काम पृष्ठभागावर चालतं, जाड कणाच्या पोटातले अणू नुसते बसून असतात. बूदार यांच्या गटाने १९८०च्या दशकात यावर वाट काढली. मॉलिब्डेनम ऑक्साइडची पूड घ्यायची, वायूच्या झोतात तापमान हळूहळू चढवत न्यायचं. आधी अमोनियात तापवून नायट्राइड करायचं, मग मिथेन आणि हायड्रोजनमध्ये तापवून कार्बाइड. घाई केली तर कण एकमेकांना चिकटून जाड होतात. हळू गेलं तर एका ग्रॅममध्ये दोनशे चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग मिळतो. म्हणजे चमचाभर पुडीत बॅडमिंटनची दोनापेक्षा जास्त कोर्टं! एक पथ्य मात्र पाळावं लागतं. ताजी पूड एकदम हवेत काढली तर पेट घेते. आधी तिला किंचित ऑक्सिजन चाखवावा लागतो.

आणि या किंचित ऑक्सिजनमध्येच पुढचा धक्का होता. १९९०च्या सुमारास बूदार यांच्याच वर्तुळातल्या संशोधकांनी अगदी स्वच्छ कार्बाइड तपासलं. ते प्लॅटिनमसारखं वागलंच नाही. ते फार तापट निघालं, हायड्रोकार्बन सरळ तोडून टाकायचं. पृष्ठभागावर थोडा ऑक्सिजन बसला की मग शांत व्हायचं आणि रेणूचा आकार बदलायचं. म्हणजे ज्या गुणामुळे ‘प्लॅटिनमसारखं’ हे बिरुद मिळालं, त्यात ऑक्सिजनचा हात होता. शुद्ध कार्बाइडचा स्वभाव स्वतःचा होता, उसना नव्हता.

माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची जागा आहे. आपण सॉफ्टवेअरवाले ‘ड्रॉप-इन रिप्लेसमेंट’ म्हणतो ना, जुनं काढलं, नवं बसवलं, बाकी कोडला पत्ताही नाही? विशेषणाने तशी अपेक्षा तयार केली होती. कार्बाइड तसं नव्हतंच.

गाडीतला छोटा कारखाना

१९९०च्या दशकाच्या शेवटी मोटार कंपन्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. हायड्रोजन टाकीत भरून न्यायला अवघड, मग गाडीत मिथेनॉल किंवा पेट्रोल भरायचं आणि गाडीतच त्यातून हायड्रोजन काढायचा. याला फ्युएल प्रोसेसिंग म्हणतात. २००२ मध्ये डेमलरक्रायस्लर कंपनीची नेकार-५ ही मिथेनॉलवरची गाडी सॅन फ्रान्सिस्कोहून वॉशिंग्टनपर्यंत, पाच हजार किलोमीटरहून जास्त चालली.

या प्रक्रियेत हायड्रोजनसोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि त्याचं काम बंद पाडतो. म्हणून त्याची वाफेशी गाठ घालायची: कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि वर थोडा हायड्रोजनही मिळतो. ही ‘वॉटर-गॅस शिफ्ट’ क्रिया. आपल्याकडे अलिबागजवळ थळच्या आरसीएफ कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनतो, तिथेही ही पायरी असते. तिथे कॅटॅलिस्ट एकदा तापवला की महिनोन्महिने चालतो. गाडी मात्र दिवसातून दहा वेळा बंद-चालू होणार. नेहमीचा तांब्याचा कॅटॅलिस्ट नाजूक असतो. वापरण्याआधी जपून तयार करावा लागतो, मग हवा आणि पाणी साचण्यापासून सांभाळावा लागतो.

२००० साली मिशिगन विद्यापीठात लेव्हाय थॉम्पसन यांच्या गटाने दाखवलं की २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात मॉलिब्डेनम कार्बाइड या कामात बाजारातल्या तांब्याच्या कॅटॅलिस्टपेक्षा जास्त सक्रिय आहे. इथे प्रश्न प्लॅटिनमची नक्कल करण्याचा नव्हताच. पाण्याचा रेणू तोडणं कार्बाइडला सहज जमतं, आणि तेच इथे हवं होतं.

पण २००४ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने गाडीतल्या फ्युएल प्रोसेसिंगच्या संशोधनाला थांबा दिला. अख्खी यंत्रणा सुरू व्हायला लागणारा वेळ आणि ऊर्जा गाडीला परवडण्यासारखी नव्हती. एक घटक सुधारला म्हणून सिस्टम पास होत नाही. कॅटॅलिस्ट चांगला होता, पण त्याला नोकरी देणारी गाडीच रद्द झाली.

पर्याय नाही, जोडीदार

त्याच काळात दुसरा दोषही पुढे आला होता. ऑक्सफर्डमध्ये माल्कम ग्रीन यांच्या गटाने मिथेनपासून हायड्रोजन काढायला हे कार्बाइड वापरलं. साध्या दाबाला ते हळूहळू ऑक्साइड होऊन निकामी व्हायचं, दाब वाढवला की टिकायचं. पाणी आणि ऑक्सिजन ही त्याची ताकद, तीच त्याची कमजोरी.

२०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये हेरॉन व्रुबेल आणि शिले हू यांनी बाजारात विकत मिळणारी मॉलिब्डेनम कार्बाइडची साधी पूड घेतली आणि विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवला, आम्लातही आणि अल्कलीतही. ती पूड वर्षानुवर्षं कॅटलॉगमध्ये होती! तरी विजेच्या हिशोबात प्लॅटिनम पुढेच राहिलं.

खरी कलाटणी २०१७ मध्ये आली. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या डिंग मा यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम हटवायचा हट्टच सोडला. मॉलिब्डेनम कार्बाइडवर त्यांनी प्लॅटिनमचे सुटे सुटे अणू पसरवले. पाणी फोडायचं काम कार्बाइडचं, मिथेनॉल हाताळायचं काम प्लॅटिनमचं. नेहमीच्या पद्धतीत मिथेनॉलला २०० अंशांच्या वर तापवावं लागतं, इथे १५० ते १९० अंशांत भागलं. प्लॅटिनमच्या एका मोलमागे तासाला १८,०४६ मोल हायड्रोजन! त्याच वर्षी याच कार्बाइडवर सोन्याचे थर बसवून वॉटर-गॅस शिफ्ट १२० अंशांच्या आसपास आणली गेली.

बघा, १९७३ मध्ये ज्याला प्लॅटिनमची जागा घ्यायची होती, ते चव्वेचाळीस वर्षांनी प्लॅटिनमचं सगळ्यात चांगलं आसन ठरलं. मौल्यवान धातू चिमूटभर वापरायचा, पण त्याचा एकही अणू पोटात बसून वाया घालवायचा नाही. टंचाईवरचं हे उत्तर हद्दपारीपेक्षा जास्त व्यवहारी आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘प्लॅटिनमला पर्याय’ अशी बातमी फॉरवर्ड करायच्या आधी तीन प्रश्न विचारा. कुठल्या क्रियेसाठी? किती तास टिकला? आणि तो बसणार आहे ती सिस्टम चालणार आहे का? बातमीत ही उत्तरं नसतील तर तो शोध अजून १९७३ मध्ये आहे असं समजा. त्यात वाईट काही नाही, फक्त वाट लांब आहे.

एपिसोड आवडला तर रसायनशास्त्राला घाबरणाऱ्या एका मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात.