प्रारंभिक आक्रमणाची नीती : जावळी (१६५६) आणि पाळीपाळीचे संगणकीय युद्धखेळ

प्रस्तावना

महाडहून पोलादपूरमार्गे महाबळेश्वरकडे जाणारा प्रवासी आंबेनळी घाट चढू लागला की सावित्रीचे खोरे मागे पडते आणि प्रतापगडाचा डोंगर समोर येतो. आज हा प्रवास वाहनाने अल्पावधीत होतो. सतराव्या शतकात मात्र याच परिसरातील पायवाटा आणि पार घाटाची जुनी वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती वाईच्या पठारापासून महाड-बाणकोटच्या खाडीपर्यंतची वाहतूक असे. हा सारा मुलूख जावळीकर मोऱ्यांचा होता. इ. स. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी तो जिंकला. त्या वेळी महाराजांचे वय सव्वीस वर्षांचेही नव्हते आणि स्वराज्य अद्याप बाल्यावस्थेत होते.

राज्य लहान असताना, साधने अपुरी असताना, बलाढ्य शत्रू सावध होण्यापूर्वी जवळच्या शेजाऱ्यावर केलेली चढाई ही इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असलेली घटना आहे. हीच कल्पना आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला वेगळ्याच मार्गाने परिचित झालेली असते. पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या डावपेचांच्या संगणकीय खेळांत डावाच्या आरंभीच शेजारी राज्यावर तुटून पडण्याची एक रूढ पद्धत आहे. खेळाडू तिला ‘रश’ असे म्हणतात. युद्ध, राज्यविस्तार आणि राजनीती यांविषयीचे अनेक तरुणांचे पहिले आकलन पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर अशा खेळांतून घडते. म्हणून या आकलनाची ऐतिहासिक वास्तवाशी तुलना करून पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात जावळीच्या प्रकरणाच्या आधारे ही तुलना करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनेचे स्वरूप

पाळीपाळीने खेळावयाच्या युद्धखेळाची परंपरा आपल्याकडे चतुरंगाइतकी जुनी आहे. युरोपात प्रशियाच्या सैन्याने १८२४ च्या सुमारास राइसविट्झ यांचा नकाशावरील युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. संगणकावर या परंपरेला व्यापक लोकप्रियता मिळाली ती सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेल्या व मायक्रोप्रोज या संस्थेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळामुळे. या खेळात प्रत्येक राज्य एका वसाहतीपासून सुरू होते. भोवतालचा नकाशा अंधारात असतो. नगरे वसवावी, रस्ते बांधावे, विद्या संपादन करावी की आरंभीच सैन्य उभारून शेजाऱ्याचे नगर घ्यावे, हा खेळाडूपुढील पहिला मोठा प्रश्न असतो.

प्रारंभिक आक्रमणाचा युक्तिवाद साधा आहे. शेजाऱ्याच्या नगराला अद्याप तट नसतो आणि त्याचे रक्षक थोडे असतात. ते नगर घेतले तर एक प्रतिस्पर्धी कमी होतो, तयार भूमी मिळते आणि पुढील प्रत्येक पाळीत हा लाभ वाढत जातो. उलट, चढाई फसली तर सैन्यावर खर्च झालेली साधने वाया जातात व इतर राज्ये पुढे निघून जातात. म्हणजेच हा एक जुगार आहे आणि तो केव्हा खेळावा याचे गणित खेळाडू मांडत असतो.

हे गणित आपल्या परंपरेला नवे नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या नवव्या अधिकरणात चढाईला निघणाऱ्या राजाने कोणत्या गोष्टी तोलाव्यात याचे विवेचन आहे. शक्ती, देश आणि काल यांचे बलाबल पाहावे. क्षय म्हणजे माणसांची हानी आणि व्यय म्हणजे द्रव्यधान्याची हानी यांची लाभाशी तुलना करावी. आणि पाठीमागे उद्भवणाऱ्या उपद्रवाचा, म्हणजे ‘पश्चात्कोपा’चा, विचार करावा, असे तेथे सांगितले आहे. समोरचा लाभ मोठा आणि पाठीमागचा उपद्रव लहान असला तरी त्या लहान उपद्रवालाच अधिक महत्त्व द्यावे, अशी कौटिल्याची भूमिका आहे. तेराव्या अधिकरणात ‘लब्धप्रशमन’ म्हणजे जिंकलेल्या प्रदेशाचे शमन हा स्वतंत्र विषय येतो. शिवाजी महाराजांनी हा ग्रंथ अभ्यासला होता असे येथे सुचवावयाचे नाही. जावळीचे प्रकरण तपासण्यासाठी त्यातील काल, देश आणि लब्धप्रशमन या तीन कसोट्या उपयुक्त आहेत, एवढेच म्हणणे आहे.

काल : चढाईपूर्वीची प्रतीक्षा

जावळीची चढाई ‘प्रारंभिक’ असली तरी ती घाईची नव्हती. १६४८ मध्ये पुरंदरच्या परिसरात आदिलशाही सरदार फत्तेखानाचा पराभव झाला. परंतु त्याच वर्षी शहाजीराजांना कैद झाली आणि १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यानंतरची सुमारे सहा वर्षे महाराजांनी मोठी चढाई केल्याचे दिसत नाही. हा काळ मावळातील देशमुखांना जोडणे, जमीन लागवडीस आणणे आणि गडांची व्यवस्था लावणे यांत गेला. कान्होजी जेधे यांच्यासारखे वतनदार स्वराज्याच्या कार्यात दृढपणे उभे राहिले, त्यामागे या वर्षांतील मेहनत आहे.

१६५५ च्या अखेरीस परिस्थिती अनुकूल झाली. मुहम्मद आदिलशहा दीर्घकाळ आजारी होता आणि विजापूरचे लक्ष कर्नाटकाकडे लागले होते. दक्षिणेच्या मोगल सुभ्यावर औरंगजेब १६५३ पासून होता. त्याची दृष्टी गोवळकोंडा आणि विजापूर या दोन शाह्यांवर होती. दोन मोठ्या सत्ता परस्परांकडे पाहत असताना मधल्या डोंगरी मुलखाकडे वळण्यास कोणालाही सवड नव्हती. नोव्हेंबर १६५६ मध्ये मुहम्मद आदिलशहा मरण पावला आणि पुढील वर्षी मोगल-विजापूर युद्ध पेटले. तोपर्यंत जावळी घेऊन काही महिने लोटले होते.

येथे खेळ आणि इतिहास यांतील पहिला भेद स्पष्ट होतो. पाळीच्या खेळात खेळाडू विचार करीत असताना जग थांबलेले असते. प्रतिस्पर्धी आपली पाळी येईपर्यंत हालत नाही. इतिहासात असा थांबा नसतो. सहा वर्षे वाट पाहणे हा जसा निर्णय होता, तसाच सातव्या वर्षी वाट न पाहणे हाही निर्णयच होता.

देश : घाटवाटांचे मोल

जावळी जिंकल्याने काय मिळाले? पहिली गोष्ट म्हणजे कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या वाटा. दुसरी म्हणजे रायरीचा डोंगर, जो पुढे रायगड म्हणून राजधानी झाला व जेथे ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. तिसरी म्हणजे या डोंगराळ मुलखातील काटक पायदळ. चौथी म्हणजे कोयनेचे खोरे आणि कोकणची उतरण यांच्या मधोमध उभा असलेला भोरप्याचा डोंगर. त्यावर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधला गेला.

या भूमीची खरी परीक्षा १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाली. वाईचा सुभेदार राहिलेला अफझलखान मैदानी लढाईत समर्थ होता. त्याचे घोडदळ आणि तोफा जावळीच्या दाट अरण्यात निरुपयोगी ठरल्या. पारच्या परिसरात तळ दिलेल्या त्याच्या फौजेवर नेताजी पालकर, मोरोपंत आणि मावळचे देशमुख यांच्या तुकड्या चालून गेल्या. जावळी तीन वर्षांपूर्वी घेतली नसती, तर ही लढाई कोठे तरी मोकळ्या मैदानावर द्यावी लागली असती. संगणकीय खेळांतही टेकडी आणि अरण्य यांना संरक्षणाचे अधिक मूल्य दिलेले असते. परंतु तेथे ते एका आकड्याच्या रूपाने येते. येथे ते कोणती वाट कोठे निघते हे जाणणाऱ्या माणसांच्या रूपाने होते.

लब्धप्रशमन : जिंकलेल्यांचे काय झाले?

प्रारंभिक आक्रमणाचा सर्वांत अवघड भाग चढाईनंतर सुरू होतो. जावळीच्या चंद्ररावाचा अंत कसा झाला याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. सभासद बखरीनुसार महाराजांचा वकील बोलणी करण्याच्या निमित्ताने गेला आणि त्याने चंद्ररावाला मारले. या आधारावर जदुनाथ सरकार यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी चरित्रग्रंथात हे कृत्य सुनियोजित कपट व हत्या असल्याचा निष्कर्ष काढला. दुसऱ्या परंपरेनुसार जावळीवर उघड चढाई झाली, चंद्रराव रायरीवर गेला, तेथे वेढा पडला आणि शरण आल्यानंतर पुढे त्यास मारण्यात आले. मराठी इतिहासकारांनी या दुसऱ्या मांडणीला अधिक वजन दिले आहे. कोणताही तपशील मान्य केला तरी एका प्रतिष्ठित मराठा घराण्याची सत्ता बळाने संपविली गेली, हे सत्य बदलत नाही. गौरवाच्या भरात ते झाकणे जसे योग्य नाही, तसेच केवळ त्याच्यावरूनच संपूर्ण प्रकरणाचा निवाडा करणेही योग्य नाही.

पश्चात्कोपही झाला. मोरे घराण्यातील प्रतापराव विजापूरकडे गेला आणि जावळी परत मिळेल या आशेने अफझलखानाच्या मोहिमेत सामील झाला. परंतु हा उपद्रव पसरला नाही. जावळीची प्रजा उठली नाही. याचे कारण जिंकलेल्या माणसांना दिलेल्या स्थानात शोधावे लागते. मोऱ्यांच्या पदरी असलेले महाड परिसरातील मुरारबाजी देशपांडे स्वराज्याच्या सेवेत आले आणि १६६५ मध्ये पुरंदर लढविताना त्यांनी देह ठेवला. नऊ वर्षांपूर्वी विरुद्ध बाजूस असलेला वीर ज्या राज्यासाठी मरतो, त्या राज्याने जिंकलेली भूमी खऱ्या अर्थाने आपली केली, असे म्हणता येते.

संगणकीय खेळांच्या रचनाकारांनाही हा प्रश्न हळूहळू जाणवत गेला. ‘सिव्हिलायझेशन’च्या २००१ मधील तिसऱ्या आवृत्तीत जिंकलेल्या नगरात प्रतिकार करणारे नागरिक आणि सांस्कृतिक प्रभावाने नगर फिरण्याची शक्यता आली. २००५ मधील चौथ्या आवृत्तीत नगरांची संख्या आणि राजधानीपासूनचे अंतर वाढले की देखभालीचा खर्च वाढू लागला. अविचारी विस्तार करणारा खेळाडू कोश रिकामा करून बसू लागला. सहाव्या आवृत्तीला २०१८ मध्ये जोडलेल्या विस्तारात नगराच्या निष्ठेचे मोजमाप आले. त्याच विस्तारात चंद्रगुप्त हा भारताचा एक नेता म्हणून येतो; त्याच्या विशेष गुणाचे नावच ‘अर्थशास्त्र’ आहे आणि तो प्रादेशिक विस्ताराच्या युद्धात सैन्याला बळ देतो. कौटिल्याच्या ग्रंथातून खेळाने चढाई तेवढी उचलली. लब्धप्रशमन त्या नावाखाली आलेच नाही, ही बाब बोलकी आहे.

मर्यादा : विस्ताराचा अतिरेक

प्रारंभिक आक्रमण सर्वत्र यशस्वी होते असेही नाही. प्रतापगडाच्या विजयानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, पन्हाळा घेतला गेला. ही झेप अचूक वेळी घेतलेली होती; पण पन्हाळा जावळीसारखा स्थिरावला नव्हता. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला, त्याच सुमारास शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला आणि महाराजांना जुलैमध्ये विशाळगडाकडे निसटावे लागले. पन्हाळा सोडावा लागला व तो १६७३ मध्येच पुन्हा हाती आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले आणि बारा उरले. उरलेल्यांत राजगड, तोरणा आणि रायरी होते. संकटाच्या काळात हाती राहिलेल्या किल्ल्यांत १६५६ च्या चढाईत मिळालेली रायरी होती, याची नोंद घेतली पाहिजे.

निष्कर्ष

१. जावळीची चढाई प्रारंभिक होती, परंतु तिच्यामागे सुमारे सहा वर्षांची पूर्वतयारी आणि दोन मोठ्या सत्तांच्या हालचालींचे अचूक वाचन होते.

२. तिचा लाभ केवळ भूभागाच्या विस्तारात नव्हता. घाटवाटा, किल्ल्यांच्या जागा आणि स्थानिक पायदळ यांमुळे पुढील बचाव शक्य झाला.

३. चढाईचे फळ टिकले ते जिंकलेल्या माणसांना राज्यात स्थान मिळाल्यामुळे. जेथे असे स्थिरीकरण होण्यास अवधी मिळाला नाही, तेथे विजय अल्पकालीन ठरला.

४. संगणकीय युद्धखेळ क्षय, व्यय आणि लाभ यांचे गणित शिकवितात. काळाचे दडपण, नात्यागोत्याचे संबंध आणि हिंसेचे नैतिक मूल्य ते पुरेसे दाखवू शकत नाहीत.

समारोप

विद्यार्थी असे खेळ खेळतात म्हणून खेद व्यक्त करण्याचे कारण नाही. पहिल्या काही पाळ्यांत शेजाऱ्यावर चढाई का करावी, हे ज्याला उमगते त्याच्याशी जावळीविषयी बोलणे उलट सोपे जाते. मात्र शिक्षकाने त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : चढाईपूर्वी तू किती काळ थांबलास, आणि ज्याचे नगर घेतलेस त्याच्या माणसांचे पुढे काय केलेस? खेळात पहिल्याचे उत्तर पाळ्यांच्या संख्येत आणि दुसऱ्याचे बहुधा एका कळीच्या दाबात मिळते. महाड-पोलादपूर परिसरातील विद्यार्थ्याला मात्र ही उत्तरे आपल्याच भूमीत शोधता येतात. पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे, महाडच्या परिसरात मुरारबाजींचे स्मरण आहे, आणि आंबेनळीच्या वाटेने जाताना मोऱ्यांची जावळी व महाराजांचा प्रतापगड एकाच डोंगररांगेत दिसतात. जिंकणारा आणि जिंकला गेलेला या दोघांनाही याच मुलखाने सामावून घेतले आहे. इतिहासाच्या अध्यापनाने या दोघांकडेही सारख्याच सावधपणे पाहावयास शिकविले पाहिजे.