औषध कुणाला लागू पडेल? सिकलसेलने विदर्भात शिकवलेली गोष्ट

ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या गोळ्या 8 ते 12 आठवडे घ्याव्या लागतात, तेव्हा कुठे कळतं की लागू पडल्या की नाही. आधीच ओळखता आलं तर? असे अंदाज कुठे फसतात, हे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एका वेगळ्या आजाराच्या इतिहासात स्वच्छ दिसतं.

तो आजार सिकलसेल. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. (गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, चांद्यातच होता.) त्याआधी, 1948 मध्ये ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन यांना दिसलं होतं की नवजात बाळांना हा आजार फारसा जाणवत नाही, कारण त्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन एफ असतं. पुढे हायड्रॉक्सीयुरिया हे एफ वाढवतं असं कळलं. 1995 मध्ये अमेरिकेत 299 प्रौढांच्या चाचणीत दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले.

आता आपल्याकडची अडचण बघा. भारतीय रुग्णांत एफ मुळातच जास्त असतं. त्यावरून दोन निष्कर्ष निघाले: आजार सौम्य असणार, आणि एफ वाढवणाऱ्या औषधाचा इथे विशेष उपयोग नसणार. पहिला निष्कर्ष आजाराच्या वाटचालीबद्दल आहे, दुसरा औषधाच्या परिणामाबद्दल. एकातून दुसरा आपोआप निघत नाही, पण ऐकताना किती सहज पटतो!

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये याचं उत्तर छापलं. तीव्र त्रास असलेली 60 मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटलेली. एका गटाला किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी. अमेरिकेतल्या चाचणीत डोस 35 पर्यंत चढवता येत होता, त्यामानाने हा फारच कमी. तरीही औषधाच्या गटात झटके खूप घटले. एफ आधीच जास्त, म्हणून औषध नको, असं म्हणून परत पाठवलेल्या मुलाचं काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा.

माझ्या मते यातली सगळ्यात कामाची गोष्ट तो दुसरा गट. ओसीडीत लहान वयात सुरू झालेला किंवा तीव्र आजार असलेले रुग्ण गोळ्यांवर कमी सुधारले, असं एखाद्या पेपरात वाचाल, तेव्हा विचारा: गोळी न घेतलेले तसेच रुग्ण कुठे आहेत? ते नसतील, तर हा आजारच चिवट आहे की औषधच त्यांना लागू पडत नाही, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

आणि नागपूरच्या निकालालाही हद्द आहे. ती 60 मुलं तीव्र त्रासाची होती. अहेरी-सिरोंच्याकडच्या ज्या मुलाला वर्षातून एखादाच झटका येतो, त्याच्याबद्दल ही चाचणी काही सांगत नाही.