डायनॅमिक इन्व्हेंटरी

डायनॅमिक इन्व्हेंटरी : एखाद्या संस्थेच्या कारभारात या घटकेला कोणते सर्व्हर चालू आहेत, त्यांचे पत्ते काय आणि त्यांच्याकडे कोणते काम सोपविलेले आहे, याची हाताने लिहून न ठेवता क्लाउड पुरविणाऱ्या कंपनीच्या दफ्तरातून दर खेपेस नव्याने मागवून घेतलेली यादी. प्रस्तुत नोंदीत ॲन्सिबल या साधनातील व्यवस्थेचा आणि तीत ॲमेझॉनच्या ईसी२ या सेवेसाठी करावयाच्या मांडणीचा विचार केला आहे.

ॲन्सिबल हे साधन मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१५ मध्ये ते रेड हॅट कंपनीच्या ताब्यात गेले. अर्सुला ले ग्विन यांनी १९६६ च्या ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या कादंबरीत दूरदूरच्या ग्रहांमध्ये तत्क्षणी निरोप पोहोचविणाऱ्या यंत्रासाठी जो शब्द घडविला, तोच या साधनाने नाव म्हणून घेतला. आणि ते नाव सार्थ आहे, कारण ज्या सर्व्हरवर काम करावयाचे त्याच्यावर आपला कोणताही कारभारी कायमचा न बसविता ॲन्सिबल सामान्यतः एसएसएच या दूरसंपर्काच्या वाटेने हुकूम धाडते आणि कामाचा दाखला परत आणते. मात्र हुकूम कोणाकडे धाडावयाचा हे त्याला यादीवरूनच कळत असल्यामुळे, ज्याचे नाव यादीत नाही ते यंत्र ॲन्सिबलच्या लेखी अस्तित्वातच नसते.

आरंभी ही यादी साध्या मजकुराच्या फाइलीत, चौकटी कंसात गटाचे नाव व त्याखाली एकेका यंत्राचा पत्ता अशा रीतीने लिहीत असत, आणि कचेरीतल्या कपाटात वर्षानुवर्षे तेच दहावीस सर्व्हर असत तोवर ती पद्धत उत्तम चालली. क्लाउडवर यंत्रे तासातासाला जन्मतात व मोडतात. तेथे हाताने लिहिलेली यादी ही खरेदीखत होऊनही फेरफार न चढलेल्या सातबाऱ्यासारखी होते, म्हणजे कागद एक सांगतो आणि जमीन दुसऱ्याच्याच वहिवाटीत असते. हे साम्य वरवरचे नाही, कारण क्लाउडवर सोडून दिलेला सार्वजनिक पत्ता पुढे एखाद्या परक्या ग्राहकाच्या यंत्राला मिळू शकतो.

यावर पहिला उपाय म्हणून यादी लिहिण्याऐवजी यादी सांगणारा एक लहानसा प्रोग्रॅम देण्याची मुभा ॲन्सिबलने ठेवली; तो चालविला की जेसॉनच्या रूपात सर्व गट व यंत्रे समोर येत. २०१७ मधील २.४ या आवृत्तीने त्याच्या जागी इन्व्हेंटरी प्लगइन आणले आणि २०१८ मधील २.५ या आवृत्तीत ‘एडब्ल्यूएस_ईसी२’ हे प्लगइन दाखल झाले. तेव्हापासून प्रोग्रॅम लिहिण्याची गरज उरली नाही. आपल्याला काय हवे ते वायएमएल फाइलीत नोंदविले की पुरते.

त्या फाइलीच्या नावाचा शेवट प्लगइनच्याच नावाने आणि पुढे वायएमएलच्या प्रत्ययाने व्हावा लागतो, एरव्ही प्लगइन ती फाइल हाती घेत नाही. नवशिक्याचा पहिला तास बहुधा येथेच खर्ची पडतो. आत सर्वप्रथम प्लगइनचे नाव, मग ॲमेझॉनच्या ज्या विभागांत यंत्रे शोधावयाची ते विभाग लिहावेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या मुंबई विभागाचे सांकेतिक नाव ‘एपी-साऊथ-१’ आहे, आणि सगळी यंत्रे तेथेच असतील तर तेवढेच लिहावे. विभाग न लिहिल्यास प्लगइन सर्व विभागांत चौकशी करीत बसते. पुढे ‘फिल्टर्स’ या सदरात यंत्राची स्थिती ‘रनिंग’ असावी अशी अट घालणे अगत्याचे आहे, कारण ही अट नसेल तर बंद करून ठेवलेली यंत्रेही यादीत येतात आणि त्यांच्या दाराशी ॲन्सिबल व्यर्थ ताटकळते. ‘कंपोज’ या सदरात यंत्राचा खासगी पत्ता जोडणीचा पत्ता म्हणून नेमून देता येतो. दफ्तर वाचण्यासाठी जी ओळख द्यावयाची तिला यंत्रांची माहिती पाहण्याचा अधिकार असावा. यंत्रे उभारण्याची वा मोडण्याची मुखत्यारी यादी काढणाऱ्याला कधीही देऊ नये.

या मांडणीचे मर्म ‘कीड_ग्रुप्स’ या सदरात आहे. प्रत्येक यंत्रावर ‘रोल’ नावाचा टॅग, म्हणजे नाव व मूल्य असलेली खूणचिठ्ठी, असून कोणाचे मूल्य ‘वेब’, कोणाचे ‘डीबी’ असेल आणि सदरात त्या टॅगचा हवाला देऊन ‘रोल’ ही आदिखूण नेमली, तर ‘रोल_वेब’ व ‘रोल_डीबी’ असे गट आपोआप पडतात. ‘ॲन्सिबल-इन्व्हेंटरी’ ही आज्ञा ‘ग्राफ’ या पर्यायासह दिली म्हणजे ‘ऑल’ या मूळ गटाखाली हे गट आणि त्यांतील यंत्रे वंशावळीसारखी उतरत्या ओळींत दिसतात. त्याच वंशावळीत एखादे यंत्र केवळ ‘एडब्ल्यूएस_ईसी२’ या सरसकट गटाखाली एकटे पडलेले दिसले, तर ते उभारणाऱ्याने टॅग लावलेला नाही असे समजावे. अशा यंत्राविषयी ॲन्सिबल मूळ मांडणीत तक्रार करीत नाही. ते यंत्र निमूटपणे गटाबाहेर राहते आणि सुरक्षिततेची दुरुस्ती सर्वांना मिळाली तरी त्याला मिळत नाही. म्हणून यादीची विश्वासार्हता प्लगइनपेक्षा टॅग लावण्याच्या शिस्तीवर अधिक अवलंबून आहे, असे या लेखकाचे निश्चित मत आहे.

सॉफ्टवेअरच्या चाचणीत या यादीची उपयुक्तता सर्वाधिक प्रत्ययास येते. तेथे यंत्र उभारावयाचे, त्यावर सॉफ्टवेअर चढवावयाचे, परीक्षा घ्यावयाची आणि यंत्र मोडावयाचे, हा सारा संसार काही मिनिटांचा असतो. मॉलिक्यूल या साधनात तर या पायऱ्या नेमूनच दिलेल्या आहेत. प्रत्येक खेपेच्या यंत्रांना त्या खेपेचा क्रमांक टॅग म्हणून लावावा आणि त्यावरून गट पाडावा, म्हणजे शेजारी चाललेल्या दुसऱ्या चाचणीच्या यंत्रांना धक्का न लावता आपलीच यंत्रे मोडता येतात. यंत्र ‘रनिंग’ झाले तरी एसएसएचचे दार उघडण्यास काही अवधी लागतो. त्यासाठी ‘वेट_फॉर_कनेक्शन’ हे मॉड्यूल आहे आणि ते मुळातच ६०० सेकंदांपर्यंत वाट पाहते. यादी साठवून ठेवण्याची, म्हणजे कॅशची, सोय चाचणीत बंदच ठेवावी, कारण तिची नेमलेली मुदत ३६०० सेकंद आहे आणि तेवढ्या वेळात चाचणीच्या यंत्रांच्या कित्येक पिढ्या होऊन जातात.

सर्वांत घातक दोष मात्र निराळा आहे. टॅगचे स्पेलिंग चुकले आणि गटात एकही यंत्र आले नाही, तर ॲन्सिबल ‘नो होस्ट्स मॅच्ड’ एवढा इशारा छापून यशस्वी निकालानिशी थांबते. चाचणीच्या फलकावर हिरवी खूण उमटते आणि वस्तुतः काहीही तपासलेले नसते. इन्व्हेंटरीची फाइल वाचता आली नाही तरीही ते केवळ इशारा देऊन पुढे जाते. यासाठी ‘ॲनी_अनपार्स्ड_इज_फेल्ड’ हा पर्याय चालू करावा, आणि प्लेबुकच्या, म्हणजे ॲन्सिबलने करावयाची कामे क्रमाने लिहिलेल्या फाइलीच्या, पहिल्याच पायरीवर गटातील यंत्रांची संख्या अपेक्षित संख्येशी ताडून पाहावी. ती जुळली नाही तर काम तेथेच थांबवावे.