झोपाळा आणि तुळई

वडिलार्जित घराची वाटणी झाली तेव्हा आमच्या वाट्याला झोपाळा आला. ज्या तुळईला तो टांगलेला होता ती आली नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली, आणि वारसांच्या चीजवस्तूंची यादी करून वाटे पाडण्याची तिच्या काळची रीत २०१२ च्या कायद्यातही कायम आहे. ज्या वस्तूचे तुकडे पाडता येत नाहीत ती, वारसांपैकी जो अधिक बोली करील त्याने घ्यावी, असा तीत मार्ग ठेवलेला आहे. ओसरीसह घराचा पुढील भाग काकांकडे गेला. झोपाळ्याची सागवानी फळी व चार पितळी कड्या जंगम ठरल्या. तुळईत ठोकलेले आकडे वास्तूचे अंग ठरले. वकील या नात्याने आम्हांस या निवाड्यात दोष काढता आला नाही. घरी आल्यावर मात्र उमगले की, आपण एक जड फळी व चार कड्या घेऊन आलो आहोत, झोपाळा नव्हे.

पुढे मुलांनी परसात झोका मागितला. संसाराच्या हिशेबातून त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम बेताचीच होती. ती कशावर खर्चावी असा प्रश्न पडला, तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे जुने दाखले पाहू लागलो. आणि झोपाळ्याचा इतिहास हा मुख्यतः त्याच्या आधाराचा इतिहास आहे, असे आम्हांस दिसून आले.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठाने वरुणाशी असलेल्या जुन्या सख्याचे स्मरण करताना नौकेबरोबरच झोपाळ्याचाही उल्लेख केला आहे. तेथे त्याचे नाव ‘प्रेंख’. महाव्रत नावाच्या यज्ञविधीत होता प्रत्यक्ष झोपाळ्यावर बसून शस्त्रपठण करीत असे. ऐतरेय आरण्यकात या झोपाळ्याच्या फळ्या किती असाव्यात, त्या उंबराच्या कशा असाव्यात, जमिनीपासून किती उंच असाव्यात, यांची बारकाईने चर्चा केलेली आहे. मंत्रद्रष्ट्यांच्या परंपरेला जो तपशील क्षुद्र वाटला नाही, तो मुलांसाठी झोका उभारणाऱ्या गृहस्थाने का टाळावा?

वात्स्यायनाने नागरकाच्या घराचे वर्णन करताना वृक्षवाटिकेत झोपाळा सांगितला आहे. त्यावर चांगले आस्तरण असावे व तेथे दाट सावली असावी, इतकेच त्याचे म्हणणे. परसातील झोक्याची याहून नेटकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात विधुरपंडित जातकातील नागकन्या इरंदती झोक्यावर बसलेली आहे. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे ते चित्र आजही पाहावयास मिळते.

पण झोक्याची दुसरी बाजूही संस्कृत साहित्याने लपविलेली नाही. ‘मालविकाग्निमित्रा’त राणी धारिणी विदूषकाच्या चापल्यामुळे झोपाळ्यावरून पडते आणि तिचा पाय दुखावतो. अशोकाला लत्ताप्रहार करून फुलविण्याचे काम मग मालविकेकडे येते, आणि कालिदासाचे कथानक पुढे सरकते. रसिकाने त्यातून शृंगार घ्यावा. गृहस्थाने मात्र एवढेच ध्यानात ठेवावे की, राजवाड्यातील झोपाळ्यावरूनही माणूस पडतो.

देवाधर्मातही झोपाळा आला तो सर्वांना मिळून झुलविता यावा म्हणून. चैत्र शुद्ध तृतीयेला मराठी घरांत गौर झोपाळ्यावर बसते, आणि आंब्याची डाळ व पन्हे घेण्यास आळीतल्या बायका येतात. बडोद्याकडील वैष्णव मंदिरांत श्रावणात ठाकुरजींचे हिंडोळे सजतात. आमच्या गोव्यातील देवळांत नवरात्राच्या रात्री देवतेला मखरात बसवून वाद्यांच्या तालावर झुलवितात, तेव्हा सभामंडपात पाय ठेवण्यास जागा नसते. बेळगावाकडे नागपंचमीला मुली झाडाच्या फांदीला दोर बांधून झोके घेतात. तेथे खर्च दोराचा, आधार झाडाचा. तरी फांदी पारखूनच घ्यावी लागते. शेवग्याला कोणी झोका बांधीत नाही, हे खेड्यातील लहान मुलीसही सांगावे लागत नाही.

झाड नाही आणि तुळईही नाही, अशा घरांची सोय लोखंडी नळीने केली. इंग्लंडात केटरिंग येथे चार्ल्स विकस्टीड या अभियंत्याने १९२१ मध्ये लोकांसाठी उद्यान खुले केले; तेथे साध्या नळ्यांचे झोके मुलांना इतके आवडले की, पुढे क्रीडासाहित्य बनविणे हाच त्यांच्या कारखान्याचा व्यवसाय झाला. आपल्या नगरपालिकांच्या बागांतील झोके याच कुळातले.

या दाखल्यांवरून आम्ही आमचा निर्णय केला. बाजारातील रंगीबेरंगी संचात घसरगुंडी होती, छत्री होती. नळी मात्र पातळ होती. झोका साठ अंशांपर्यंत चढला, तर खाली येताना दोरावरील ताण बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट होतो, हे गणित ती नळी सोसणारी नव्हती. म्हणून आम्ही जस्ताचा मुलामा दिलेली जाड नळी घेतली व वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही टोकांस तिकोनी पाय करविले. गवंड्याने ते दोन फूट खोल काँक्रीटमध्ये रोवले, आणि आठवडाभर त्यावर पाणी मारून मगच झोका बांधला. आडव्या नळीच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे व तितकीच मागे मोकळी असावी, असा नियम आहे. आमचे परस पंचवीस फुटांचे. तेव्हा नळी सहा फुटांवरच ठेविली. खाली वीतभर वाळू घातली. बैठक हलक्या रबराची घेतली, आणि खर्चात सर्वांत कमी भाग तिचा पडला. ज्यावर मूल बसते त्यापेक्षा, जे मुलाला धरून ठेवते त्यावर पैसा घालावा, हाच आमच्या अंदाजपत्रकाचा सिद्धान्त.

राहिली ती सागवानी फळी. ती परसात टांगावी असे मुलांचे म्हणणे होते. परंतु एवढी जड फळी झुलत येऊन समोरच्या पोराच्या कपाळावर आदळली तर काय होईल, हे सांगावयास नको. पावसात ती कुजली असती ते वेगळेच. चवथीपूर्वी एके दिवशी आम्ही फळी व कड्या टेंपोत घालून काकांच्या दारी गेलो. वाटणीनंतर आमचे तेथे जाणे-येणे जवळजवळ थांबले होते. काका ओसरीवर उभे होते. डोक्यावर रिकामे आकडे.

“हे काय? निवाड्यावर अपील करतोस?” त्यांनी विचारले.

“अपील नव्हे, काका. वस्तू जागेवर आणली. कागदावर ती आमचीच राहू द्या. टांगलेली मात्र तुमच्याकडे असावी.”

ते काही बोलले नाहीत. आतून चिंच व राख मागविली, आणि कड्या स्वतःच घासावयास बसले.

त्या चवथीला गणपतीच्या आरतीनंतर सारी भावंडे ओसरीवर जमली. मुले परसातील लोखंडी झोक्याचे कौतुक चुलतभावंडांना सांगत होती, आणि वडीलधारी मंडळी आळीपाळीने जुन्या झोपाळ्यावर बसत होती. कायद्याने तुळई एकाची आणि फळी दुसऱ्याची केली, त्यात त्याची चूक नाही. वाटे पाडणे हेच त्याचे काम. झोपाळा टांगणे हे काम घरच्यांचे.