रोड हिलचा गहाळ झगा

खेड्याबाहेरचे एक मोठे घर, त्यात राहणारे प्रतिष्ठित कुटुंब, दिमतीला नोकरचाकर, रात्री आतून नीट लावून घेतलेली दारेखिडक्या आणि सकाळी उघडकीस आलेला खून, हा इंग्रजी रहस्यकथेचा साचा मराठी वाचकाच्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कोणा कल्पक लेखकाच्या मेजावर जन्मास आला असावा असेच त्यास वाटते. बंद खोलीतील खुनाचे कोडे अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८४१ मध्येच घातले होते, हे खरे. परंतु त्याचे कथानक पॅरिसमधले, आणि घरंदाज कुटुंबाच्या अंतःपुराशी त्याचा संबंध नव्हता. इंग्रजी साच्याचे मूळ पुष्कळ अंशी एका खऱ्याखुऱ्या घरात आहे. तेव्हा विल्टशर परगण्यात गणल्या जाणाऱ्या आणि आज सॉमरसेटमध्ये मोडणाऱ्या रोड या खेड्यात ते घर होते, आणि त्याचे नाव रोड हिल हाउस. तेथील गुन्ह्याचा उलगडा ज्या पोलीस अधिकाऱ्याने अचूक केला, त्याच्याच पदरी अपयश आणि उपहास आला.

घरधनी सॅम्युएल केंट हे कारखान्यांचे सरकारी तपासनीस. त्यांची पहिली पत्नी १८५२ मध्ये वारली. ती भ्रमिष्ट होती असे सांगितले जाई. पुढच्याच वर्षी केंट यांनी मुलांना शिकविण्यासाठी घरात ठेवलेल्या बाईशी विवाह केला. या विवाहाचे पडसाद घराच्या मांडणीतही उमटले होते. दुसऱ्या पत्नीची मुले आईवडिलांच्या मजल्यावर निजत. पहिलीच्या मुलांच्या खोल्या नोकरांप्रमाणेच सर्वांत वरच्या मजल्यावर होत्या. पहिलीची मुलगी कॉन्स्टन्स आणि तिचा धाकटा भाऊ विल्यम यांनी १८५६ मध्ये एकदा घरातून पलायनही केले होते. त्या वेळी बारा वर्षांच्या कॉन्स्टन्सने केस कापून मुलाचा वेष केला, आणि टाकलेले कपडे व केस बागेतील शौचकूपात दडविले.

२९ जून १८६० च्या रात्री दुसऱ्या पत्नीचा मुलगा सॅव्हिल, वय चार वर्षांहून किंचित कमी, आपल्या पाळण्यातून नाहीसा झाला. त्याच खोलीत निजलेली दाई एलिझाबेथ गॉफ हिला काही कळले नाही. सकाळी दिवाणखान्याची खिडकी उघडी आढळली. थोड्या वेळाने त्याच बागेतील नोकरांच्या शौचकूपात मुलाचे प्रेत सापडले. त्याचा गळा चिरलेला होता. बाहेरचा माणूस घरात शिरल्याची कोणतीही खूण नव्हती. म्हणजे रात्री त्या छपराखाली जे निजले होते, त्यांच्यापैकीच कोणीतरी हे कृत्य केले होते.

स्थानिक पोलिसांनी तपासाचा जो घोळ घातला, तो कादंबरीत घातला असता तर वाचकाने अतिशयोक्ती म्हणून हसण्यावारी नेला असता. स्वयंपाकघरालगतच्या बंबाच्या चुलीत त्यांना रक्ताने माखलेले एक बायकी अंतर्वस्त्र सापडले. ज्याचे ते असेल तो न्यावयास येईल आणि हाती लागेल, या हिशेबाने त्यांनी ते पुन्हा तेथेच ठेवले. रात्रीतून ते नाहीसे झाले. या फजितीची वाच्यता होऊ नये म्हणून ही गोष्ट त्यांनी दडपली, आणि लंडनहून आलेल्या अधिकाऱ्यालाही त्यांनी तिचा पत्ता लागू दिला नाही.

हा अधिकारी म्हणजे इन्स्पेक्टर जोनाथन व्हिचर. माळ्याचा मुलगा. लंडनच्या पोलीस दलात १८४२ मध्ये गुप्त तपासाची शाखा निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या आठ जणांत त्याची निवड झाली होती. डिकन्सने १८५० मध्ये आपल्या साप्ताहिकात या मंडळींवर जे कौतुकाचे लेख लिहिले, त्यांत नावाला थोडी मुरड घालून व्हिचरही आला होता. रोडला तो पोहोचला तेव्हा खुनाला पंधरवडा उलटून गेला होता. रक्ताचे डाग पुसले गेले होते आणि घरातली माणसे काय बोलावे व काय बोलू नये हे पुरते शिकून चुकली होती.

व्हिचरने लक्ष दिले ते परटाकडे जाणाऱ्या कपड्यांकडे. कॉन्स्टन्सच्या कपड्यांच्या यादीत रात्री निजताना घालण्याचे तीन झगे होते. प्रत्यक्षात दोनच मिळत होते. तिसरा परटिणीने हरवला, असे कॉन्स्टन्सचे म्हणणे. परटीण म्हणे, तो तिच्याकडे आलाच नाही. उलट मोलकरणीला तर पक्के आठवत होते, की खुनानंतरच्या सोमवारी तिने स्वतः तो टोपलीत टाकला होता. तिला आणखी एक गोष्ट आठवत होती. ती कपडे भरीत असता कॉन्स्टन्स तेथे आली होती. आपली पैशांची पिशवी कपड्यांत राहिली आहे का ते तिने पाहावयास सांगितले, आणि मग खाली जाऊन पेलाभर पाणी आणण्यास सांगितले.

या पेलाभर पाण्यात व्हिचरला सारे उत्तर दिसले. त्याचा तर्क असा : खुनाच्या रात्री अंगावर असलेला झगा रक्ताने डागाळला, तो तिने नष्ट केला. त्याऐवजी दुसरा झगा अंगात घालून तो वापरून मळल्यासारखा केला, आणि तोच सोमवारी धुण्यात गेला. पण आता तिनांतून एक कमी भरणार, त्याचा जाब कोण देणार? म्हणून मोलकरीण पाणी आणावयास गेली तेवढ्यात टोपलीतला झगा तिने काढून घेतला, आणि हरवल्याचा दोष परटिणीवर गेला. सर्व जण ज्या झग्याचा शोध करीत होते तो निष्कलंक होता. रक्ताळलेला झगा मोजणीतून केव्हाच निसटला होता. इंग्रजी रहस्यकथेच्या पुढील शंभर वर्षांत याहून सुबक अनुमान क्वचितच कोणी लढविले असेल.

परंतु न्यायासनापुढे अनुमान पुरत नाही. २० जुलै रोजी सोळा वर्षांच्या कॉन्स्टन्सला अटक झाली, आणि आठवडाभरातच मॅजिस्ट्रेटांनी तिला जामिनावर सोडून दिले. तिच्या वकिलाने उलट व्हिचरवरच तोफ डागली. एका नाहीशा झालेल्या झग्याच्या आधारे कुलीन घरातील कुमारिकेवर असे बालंट आणणारा हा मनुष्य कोण, हा सूर वृत्तपत्रांनी उचलून धरला. वृत्तपत्रांवरील मुद्रांक कर १८५५ मध्ये उठल्यापासून पेनीला एक पत्र मिळू लागले होते, आणि रोडचा खून घरोघरी चघळला जात होता. ज्याला त्याला आपला तर्क होता. लोक तो वृत्तपत्रांना आणि पोलिसांना पत्रे लिहून कळवीत. खुद्द डिकन्सची खात्री होती, की बाप आणि दाई यांचेच हे कृत्य आहे. हे सगळे हौशी गुप्तहेर एका गोष्टीवर मात्र एकमत होते, आणि ती गोष्ट पुराव्याची नव्हती. इंग्रज गृहस्थाचे घर हा त्याचा किल्ला; मजूरवर्गातून वर आलेल्या, पगारी पोलिसाने त्याच्या अंतर्भागात शिरून मुलींचे कपडे मोजावेत, हेच मुळी त्यांना असह्य झाले होते. पुढे दाईलाही पकडून सोडून देण्यात आले. प्रकृती ढासळलेला व्हिचर १८६४ मध्ये पेन्शन घेऊन निवृत्त झाला.

एप्रिल १८६५ मध्ये ब्रायटन येथील एका धार्मिक आश्रमात राहणारी कॉन्स्टन्स लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात आली आणि तिने खुनाची कबुली दिली. झग्याची हकिकत व्हिचरने मांडली होती बहुतांशी तशीच निघाली. सॉल्झबरी येथे तिला फाशीची शिक्षा झाली. ती जन्मठेपेवर आली, आणि वीस वर्षे तुरुंगात काढून १८८५ मध्ये ती सुटली.

या कबुलीनंतर तीन वर्षांनी, १८६८ मध्ये, विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ ही कादंबरी डिकन्सच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. इंग्रजी गुप्तहेर-कादंबऱ्यांत पहिली आणि श्रेष्ठ म्हणून टी. एस. एलियटने जिचा गौरव केला ती हीच. खेड्याबाहेरचे घर, घोटाळा करणारा स्थानिक अधिकारी, लंडनहून आलेला निष्णात सार्जंट कफ, परटाच्या कपड्यांची यादी आणि गहाळ झालेला झगा, हे सर्व रोड हिलचेच भांडवल. कफला गुलाब लावण्याचा छंद आहे. माळ्याच्या मुलाची ही आठवण असेल वा नसेल. मात्र कॉलिन्सने केलेले बदल फार बोलके आहेत. खुनाच्या जागी हिऱ्याची चोरी आली. झग्यावरचा डाग रक्ताचा न राहता ओल्या रंगाचा झाला. आणि कफही घरच्या मुलीवरच संशय घेतो, पण येथे तो चुकतो! व्हिचर खरा होता हे १८६८ साली साऱ्या इंग्लंडला ठाऊक होते. तरीही कादंबरीतील घरंदाज कन्येला अपराधी ठरविणे लेखकाने टाळले. वाचकाला गुन्हा हवा होता, पण तो आपल्या घरात नको होता, हे कॉलिन्सने अचूक ओळखले होते.

मात्र त्याने एक धैर्य दाखविले, आणि ते भारतीय वाचकाने विसरू नये. हा हिरा मूळचा सोमनाथाचा. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणचा पाडाव झाला, त्या लुटीत एक इंग्रज अधिकारी हिऱ्याच्या तीन रखवालदारांना ठार करून तो पळवितो, असा कादंबरीचा आरंभ आहे. त्या वेढ्यात हैदराबादची निजामी फौज इंग्रजांच्या बाजूने उभी होती, आणि सोमनाथाला तर अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये नवे मंदिर बांधून दिले होते. पण या तपशिलाशी कॉलिन्सला कर्तव्य नव्हते. सोमनाथ हे नाव त्याच्या वाचकांना माहीत झाले होते ते लॉर्ड एलनबरोमुळे. गझनीहून सोमनाथाचे म्हणून आणलेल्या दरवाजांचा त्याने १८४२ मध्ये जाहीरनामा काढून गाजावाजा केला, आणि ते दरवाजे सोमनाथाचे नव्हतेच. १८५७ च्या उठावाला अवघी अकरा वर्षे झाली असता, इंग्लंडात भारतीयांविषयी सूडाची भाषा अजून विझली नसता, कॉलिन्सने हिऱ्याच्या शोधात फिरणाऱ्या तीन ब्राह्मणांचा हक्क खरा ठरविला. ते खून करून हिरा मिळवितात, पोलिसांच्या हाती लागत नाहीत, आणि हिरा काठेवाडात देवाच्या कपाळी परत जातो. घरातील मुलीला जे माफ केले, ते साम्राज्याला मात्र माफ केले नाही.

व्हिचरचा प्रश्न यानंतरही मिटला नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून विचारपूस करण्याचा अधिकार कोणाचा? इंग्रजी लेखकांनी याचे जे उत्तर काढले, ते पुढच्या साऱ्या रहस्यकथेवर पसरले आहे. १८८७ मध्ये अवतरलेला शेरलॉक होम्स पगारी पोलीस नाही. तो सद्गृहस्थ आहे, त्याला गिऱ्हाईक स्वतः बोलावून आणते. १९२० ते १९४० या भरभराटीच्या काळात तर गुप्तहेराला जेवणाच्या मेजावर बसविता यावे, ही जणू अटच होऊन बसली. डोरोथी सेयर्सचा लॉर्ड पीटर विम्झी हा ड्यूकचा भाऊ. नायो मार्शने पोलीस अधिकाऱ्यालाच नायक केले, तेव्हा त्याला उमराव घराण्यात जन्म दिला. अगाथा ख्रिस्तीचा पॉयरो हा निवृत्त पोलीस खरा, पण बेल्जियन. परदेशी माणसाची जात इंग्रजांच्या उतरंडीत कोठेच बसत नाही, म्हणून त्याला सर्वांची दारे उघडी. साधा इन्स्पेक्टर मात्र बहुधा दारात टोपी हातात घेऊन उभा, आणि बहुधा चुकलेला.

दुसरी भरपाई नियमांनी केली. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा दंडक घालून दिले. गुप्तहेराच्या हाती लागलेला धागा वाचकापासून लपवू नये, हा त्यांतील एक. पुढच्या वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’चे सभासद तशी शपथही घेत. बंबाच्या चुलीतले वस्त्र ज्याच्यापासून लपविले गेले होते, त्या व्हिचरला या शपथेचे महत्त्व सर्वांत अधिक पटले असते. परंतु तो १८८१ मध्येच वारला होता.

याच क्लबाचा एक सभासद जॉन र्‍होड याने १९२८ मध्ये रोड हिलच्या खटल्यावर पुस्तक लिहिले. दुसऱ्या वर्षी ऑस्ट्रेलियातील सिडनीहून एक निनावी पत्र त्याच्या प्रकाशकाकडे आले. कॉन्स्टन्सचे बालपण, तिच्या आईचा घरात झालेला अवमान, आणि त्यातून साचलेला द्वेष यांची त्यात इतकी बारीक हकिकत होती, की ते तिचे स्वतःचे अथवा तिच्या अगदी निकटच्या व्यक्तीचे असावे असे अनुमान निघाले. क्लबाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खऱ्या खुनांवरील निबंधसंग्रहात र्‍होडने त्याचा परामर्श घेतला.

कॉन्स्टन्स तेव्हा खरोखरच ऑस्ट्रेलियात होती. सुटकेनंतर ती रूथ एमिली के या नावाने तेथे राहिली आणि परिचारिकेचे काम करीत राहिली. फेब्रुवारी १९४४ मध्ये तिच्या वयाला शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा इंग्लंडच्या राजाराणींचा अभिनंदनाचा संदेश तिला आला. ज्या नावाने तो आला ते त्यांना ठाऊक असलेले एकच नाव होते. त्यानंतर दोन महिन्यांनी ती वारली.