चुका सुधारणारे संकेत

सावकारी पेढ्यांवर हुंडी लिहितांना एक जुना रिवाज पाळीत असत. रक्कम अंकांत व अक्षरांत लिहिल्यावरहि तेवढ्यावर न थांबतां तिची निम्मी रक्कम लिहावयाची व तिच्या दुप्पट द्यावे असें म्हणावयाचें. एका आंकड्यांत फेरफार झाला कीं दुसरा त्याच्याशीं जुळत नसे आणि पेढीवरील गुमास्ता सावध होई. ह्या जादा मजकुरानें नवी माहिती कांहींच मिळत नसे. मूळ मजकुराची राखण करणें एवढेंच त्याचें काम. दूरवर धाडलेल्या संदेशांतील चूक ओळखण्याच्या आधुनिक शास्त्राचें मूळ तत्त्व हेंच होय.

मात्र हुंडी चूक दाखवी, ती सुधारीत नसे. संगणकाचा संदेश म्हणजे शून्य व एक ह्या दोनच अंकांची माळ. वाटेंतील खरखरीनें एखाद्या शून्याचा एक झाला कीं अर्थ बदलतो. प्रत्येक अंक तीनदां धाडून बहुमत घ्यावें, तर खर्च तिप्पट होतो. इ. स. १९४८ मध्यें अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या क्लॉड शॅनन ह्यांनीं असें सिद्ध केलें कीं, मार्गाच्या वाहनशक्तीच्या मर्यादेंत राहिल्यास चुकांचें प्रमाण हवें तितकें कमी करणारे संकेत असलेच पाहिजेत. ते रचावे कसे, हें मात्र त्यांनीं सांगितलें नाहीं. १९५० सालीं त्याच प्रयोगशाळेंतील रिचर्ड हॅमिंग ह्यांनीं ४ अंकांस ३ राखणदार अंक जोडून, सातांपैकीं कोणताहि एक बिघडला तरी तो हुडकून काढण्याची रीत प्रसिद्ध केली.

ह्या रचनेचें मर्म शब्दांमधील अंतरांत आहे. रेडिओच्या खरखरींत ‘रामराव’ आणि ‘शामराव’ ह्यांचा घोटाळा सहज होतो, कारण भेद एकाच अक्षराचा. ‘रामराव’ आणि ‘पुरुषोत्तम’ ह्यांतील एखादें अक्षर हरवलें तरी माणूस ओळखतां येतो. तेव्हां परस्परांपासून पुष्कळ ठिकाणीं भिन्न असलेले शब्द जास्तींत जास्त किती जुळवितां येतील, हा खरा प्रश्न.

त्याच्या उत्तरांत एका मराठी गणितज्ञाचा वांटा आहे. शरच्चंद्र श्रीखंडे ह्यांचा जन्म १९१७ सालीं सागर येथें झाला. शिक्षण नागपुरास झालें. १९५० सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांत राजचंद्र बोस ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. शेतींतील प्रयोगांत बियाणें व खतें कोणत्या वाफ्यास कशीं वांटावीं हें ठरविण्यासाठीं जे चौरस रचतात, त्यांचें गणित हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. अशाच चौरसांविषयीं ऑयलरनें १७८२ सालीं बांधलेला तर्क बोस, श्रीखंडे व पार्कर ह्यांनीं १९५९ सालीं खोटा ठरविला, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें ती वार्ता पहिल्या पानावर छापली.

त्याच वर्षीं बोस व श्रीखंडे ह्यांचा संकेतरचनेवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा गाजावाजा झाला नाहीं. केवळ अधिक एक व उणें एक ह्यांनीं भरलेल्या, फ्रेंच गणिती हादामार ह्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या चौकटी आणि विशिष्ट जातीचे उत्कृष्ट संकेत ह्या एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, असें त्यांनीं दाखविलें. अशी ३२ ओळींची चौकट हातीं असली, तर तिच्यापासून ३२ अंकी ६४ शब्द मिळतात व त्यांतील कोणतेहि दोन निदान १६ ठिकाणीं भिन्न असतात. मग एका शब्दांतील ७ अंक बिघडले तरी मूळ शब्द ओळखतां येतो.

ह्याच जातीचा संकेत १९७१ सालीं मंगळाजवळ पोंचलेल्या अमेरिकेच्या मरिनर ९ ह्या यानानें वापरला. चित्रांची माहिती ६४ शब्दांच्या संकेतांत धाडावयाची आणि प्रत्येक शब्द ३२ अंकी, अशी योजना होती. कोट्यवधि मैलांवरून क्षीण होऊन आलेल्या लहरींतून मंगळाचीं चित्रें पृथ्वीवर उमटलीं.

श्रीखंडे १९६३ पासून १९७८ पर्यंत मुंबई विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक होते. २०२० सालीं, वयाच्या १०२ व्या वर्षीं, ते निवर्तले. आज मुळशी तालुक्यांतील भरे गांवाहून पुण्यास मोबाइलवरून पैसे धाडले जातात, तेव्हां रकमेबरोबर राखणदार अंकहि जातात. हुंडीवरील निम्मी रक्कम गेली, तिचें काम राहिलें आहे. चूक होणारच नाहीं असा मार्ग मनुष्यास अद्यापि सांपडलेला नाहीं. झालेली चूक आपणहून उघडी पडावी व दुरुस्तहि व्हावी अशी लिहिण्याची रीत त्यानें शोधिली, आणि तिच्यासाठीं वाफ्यांचें गणित उपयोगी पडलें.